पिठलं आणि आठ गुण

इंग्लंडमध्ये ट्रायब्युनलचं, म्हणजे अपिलं ऐकणाऱ्या न्यायमंडळाचं, दुभाषीपण करताना आपण कुणाच्याच बाजूचे नसतो. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. त्या दिवशी हे जड गेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

काकूंना संधिवात. बोटं वाकलेली. अपंगत्वाचा भत्ता, इथे सगळे 'पिप' म्हणतात तो, नाकारला होता. रोजच्या कामांच्या भागात जितकी अडचण तितके जास्त गुण, आणि किमान 8 लागतात. त्यांना अंघोळीचे 2 आणि कपडे घालण्याचे 2 मिळालेले, स्वयंपाकाला शून्य. फोनवरच्या तपासणीत मुलाने घाईघाईत भाषांतर केलं आणि अहवालात आलं, 'रोज स्वयंपाक करतात'. फेरविचारातही तेच कायम राहिलं. म्हणून अपील.

टेबलापलीकडे तिघं: न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेले एक सदस्य. स्वयंपाक करता का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"हो, करते की! न करून कसं चालेल?"

माझ्या पोटात गोळा आला. आपल्या बायकांचं 'करते' म्हणजे 'जमतं' नव्हे, हे मला कळतं; पण सांगायचा अधिकार नाही. होतं तसं इंग्रजीत ठेवलं. मागे मुलगा चुळबुळला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काल काय केलंत? पहिल्यापासून सांगा."

"पिठलं."

मग एकेक बाहेर येऊ लागलं. कांदा मुलाने चिरलेला. बेसनाच्या डब्याचं झाकण त्यानेच उघडलेलं. तो घरात असला तरच त्या शेगडी पेटवतात. पीठ वैरताना हात भरून आला, पळी सुटली, गुठळ्या झाल्या, तळाला लागलं. कढई त्यानेच उतरवली.

'हात भरून आला' इंग्रजीत कसं म्हणू? त्यांनाच विचारायची परवानगी मागितली.

"मुंग्या येऊन जड होतो. मग तो माझा राहतच नाही."

हे मात्र एका दमात इंग्रजीत गेलं.

"भाकरी तर सहा वर्षांत थापली नाही," काकू म्हणाल्या आणि लगेच माझ्याकडे झुकून, "हे नको गं सांगू त्यांना."

भाकरीचं सांगितलं. 'हे नको सांगू' तेही सांगितलं. काकूंना इंग्रजी तेवढं कळत असावं; त्यांनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरबाई बराच वेळ काही लिहीत होत्या.

वीसेक मिनिटांनी आत बोलावलं. स्वयंपाकाला दुसऱ्याची मदत लागते, म्हणून 4 गुण. एकूण बरोब्बर 8. भत्ता मंजूर, साध्या दराने.

बाहेर मुलगा फोनवर बायकोला सांगत होता. काकूंनी माझा दंड धरला. मला वाटलं, आता भाकरीवरून बोलणार.

"पिठल्याला काय म्हणालीस गं त्यांना?"

"बेसनाची घट्ट करी."

"करी?" काकू मुलाकडे वळल्या. "ऐकलंस का रे?"