हालोलच्या रस्त्यावर १९६६ची एमजीबी

वडोदऱ्यात एमजीचं अष्टकोनी चिन्ह कुणाला अनोळखी नाही. हालोलच्या कारखान्यातून निघणाऱ्या हेक्टर शहरभर फिरत असतात, त्यामुळे एमजी म्हटलं की इथल्या पोरांच्या डोळ्यांसमोर उंच, पोक्त, घरच्या सगळ्यांना पोटात घेणारी गाडी येते. मी ज्या एमजीत बसून हालोलकडे निघाले ती इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६६ साली बनलेली, दोन आसनांची, कापडी टपाची. एमजीबी. माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांची. त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते, मीही तेच म्हणते.

दांडिया बाजारातल्या त्यांच्या जुन्या वाड्याची देवडी बैलगाडीच्या मापाची आहे. तिथे आजची कुठलीही गाडी घासल्याशिवाय शिरणार नाही. एमजीबी जेमतेम दीड मीटर रुंद, त्यामुळे ती तिथे नीट मावते. लांबीला साधारण आजच्या स्विफ्टएवढी, पण उंची सव्वा मीटर. शेजारी उभं राहिलं की आपण गाडीकडे वरून बघतो. अप्पांच्या मते हिच्या देखणेपणाचं पहिलं कारण हेच आहे. "आजच्या गाड्या तुझ्याकडे बघतात," ते म्हणाले, "हिच्याकडे तू बघतेस."

रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट. नाव पांढऱ्याचं असलं तरी खरा रंग सायीकडे झुकलेला. सकाळी सहाला, देवडीतल्या पिवळ्या दिव्याखाली, तो रंग बघावा. पुढची जाळी उभ्या क्रोम पट्ट्यांची, मधोमध अष्टकोन. तिच्या दोन्ही बाजूंना गोल दिवे, पण ते अगदी तोंडावर नाहीत. पंखे, म्हणजे चाकांवरचे पत्रे, जरा पुढे आलेले आणि दिवे त्यांच्या खळगीत मागे बसवलेले. हा आकार रेखाटणारे डॉन हेटर यांना ही खळगी त्या काळच्या रेनॉ फ्लोरिड या गाडीवरून सुचली होती. अप्पांनी हे सांगताना अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. चांगलं कुठून आलं ते सांगायला लाज कसली, असा त्यांचा सूर. त्या खळगीमुळे दिव्याभोवती सावलीचं एक कडं पडतं, दिवस चढतो तसं ते सरकत जातं. दिवसभरात मी ते कितीतरी वेळा पाहिलं.

माझी बहीण, म्हणजे ताई, इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकली. लग्न करून आली तेव्हा तिला गाड्यांचं काडीचंही वेड नव्हतं. आता धुण्यापुसण्याचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. तिनं माझा हात धरून दारावरून फिरवला. "सपाट कुठे लागतंय सांग." कुठेच लागलं नाही. लांबून सरळ दिसणारं दार हाताला सतत फुगत आणि ओसरत जात होतं. पुढच्या दिव्यामागून निघालेली एक घडी दारावरून जाऊन थेट मागच्या लाल दिव्याशी टेकते, आणि तिच्यावरून बारीक चकाकती पट्टी धावते. घडीच्या वरचा पत्रा आकाश दाखवतो, खालचा जमीन. "मातीत काम करताना आम्ही हेच शोधतो," ताई म्हणाली, "उजेड कुठे वळवायचा ते." इतकी वर्षं मी जुन्या गाड्या चकाकीसाठी बघत आले, पत्र्याची वळणं वाचायला मी त्या सकाळी शिकले.

निघायच्या आधी अप्पांनी बॉनेट उघडून दाखवलं आणि खिशातून छोटं लोहचुंबक काढलं. पंख्याला चिकटलं, बॉनेटला नाही. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असायचं. हलकं, पण नाजूक. आपटून लावलं की पोचा आलाच. ते बंद करायची त्यांची रीत अशी: दोन्ही तळवे पसरून ठेवायचे आणि अंगाचा भार हळू सोडायचा. नातू आठवीत आहे, त्याला एवढंच एक काम करायची मुभा आहे आणि तो ते फार गंभीरपणे करतो.

हालोलची वाट खरं तर उलट्या दिशेला, पण अप्पांनी आधी गाडी राजमहाल रोडला घेतली. लक्ष्मीविलास पॅलेसच्या फाटकासमोरून हळू एक चक्कर, हा त्यांचा नेम. जानेवारी २०२३मध्ये याच राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन, ट्वेंटीवन गन सॅल्यूट काँकोर्स, भरलं होतं. राजेरजवाड्यांच्या प्रचंड गाड्या तिथे हिरवळीवर ओळीनं उभ्या होत्या. अप्पा ते आदरानं सांगतात, पण त्यांचं मन तिकडे ओढ घेत नाही. त्या गाड्या एकेका धन्यासाठी घडवलेल्या. एमजीबी शिक्षकानं, कारकुनानं, नव्या डॉक्टरनं पैसे साठवून घ्यावी अशी होती. १९६२ ते १९८० या काळात तिच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. इतक्या लोकांना परवडेल अशा किमतीत इतकी नेमकी रेघ देता येते, ही गोष्ट मला तरी राजवाड्यासमोर जास्तच जाणवली.

गोल्डन चोकडीला आणंदचं एक जोडपं आमची वाट बघत होतं. त्यांचीही एमजीबी, पण १९७६ची, लाल. दोन्ही गाड्या शेजारी लागल्या आणि फरक क्षणात कळला. त्यांच्या गाडीला क्रोमचा बंपर नाही. त्या जागी पुढेमागे काळे, जाडजूड बंपर, आणि क्रोमची जाळी पार गायब. गाडी जमिनीपासून जरा उंचही. आणंदच्या भाईंनी स्वतःच हसत सांगितलं, "तुमची हिरॉइन, आमची तिची मोठी बेन."

जरोदच्या दिशेनं रस्ता मोकळा झाला तसं अप्पांनी गाडीला बोलू दिलं. इंजिन १७९८ सीसीचं, दोन एसयू कार्ब्युरेटरचं. त्याचा आवाज मला ओळखीचा का वाटतोय ते कळेना, मग अप्पांनीच सांगितलं. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज इंजिन, आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, आकारानं धाकटं भावंड. वाडी भागातल्या ज्या उस्तादांकडे ही गाडी जाते त्यांचा सगळा जन्म अ‍ॅम्बेसेडरवर गेला. परदेशी गाडी म्हणून ते एकदाही बिचकले नाहीत. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यावर जुने रबरी पाइप त्यांनीच एकेक करून बदलले.

हालोल जवळ आलं. उजेडात पावागड निळा दिसायला लागला. या गावातल्या त्या कारखान्याची कथा अप्पांना तोंडपाठ आहे, आणि ती ऐकावी अशी आहे. मूळ जागा हिंदुस्तान मोटर्सची, म्हणजे अ‍ॅम्बेसेडरवाल्यांची. नव्वदच्या दशकात त्यांनी जनरल मोटर्सशी भागीदारी केली आणि इथून ओपेल अ‍ॅस्ट्रा बाहेर पडू लागली. पुढे कारखाना पूर्ण जनरल मोटर्सचा झाला. २०१७मध्ये त्यांनी इथलं उत्पादन थांबवलं, एमजीच्या चिनी मालकांनी तो विकत घेतला आणि २०१९मध्ये हेक्टर आली. म्हणजे बी-सीरिज इंजिन ज्या कंपनीनं भारतात रुजवलं, तिच्याच जुन्या जागेवर आज एमजीचं नाव आहे. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण त्या रस्त्यावरून १९६६ची एमजीबी जाते तेव्हा दोन्ही टोकं जुळल्यासारखी वाटतात. कारखान्यात पाळीला निघालेले दोघेजण मोटारसायकलवरून बराच वेळ आमच्या बाजूनं चालले. मागचा पोरगा बोनेटकडे नाही, मागच्या पंख्याकडे बघत होता. दार संपतं तिथे रेघ किंचित खाली वाकून पुन्हा वर उचलते, बरोबर तिथे.

चांपानेरला आठच्या सुमारास पोचलो. १४८४मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं हे घेतलं आणि आपली राजधानी वसवली. २००४पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसा यादीत आहे. जामी मशिदीत आम्ही तासभर होतो. तिच्या झरोक्यांवर मी वेगळं लिहीन, इथे दोन ओळींत उरकणं बरं नाही.

खरी चर्चा बाहेर, चिंचेच्या सावलीत, चहाबरोबर झाली. काळ्या बंपरचा विषय निघाला. १९७४च्या शरदात तो बदल झाला. अमेरिकेत नियम आला होता की ताशी पाच मैलांच्या धडकेत गाडीच्या दिव्यांसारख्या सुरक्षेच्या भागांचं नुकसान होता कामा नये, शिवाय बंपर आणि दिवे ठरावीक उंचीवर हवेत. कारखान्याकडे नवी गाडी आखायला पैसा नव्हता. मग पोलादी गाभ्यावर काळं आवरण चढवून बंपर बसवले आणि सस्पेन्शन उंचावून गाडीच वर उचलली. वळणावर ती त्यामुळे जास्त कलायला लागली. अप्पांना हे आजही दुखतं. "रेघ दिव्यापाशी सुरू व्हायची, आता बंपरपाशी अडखळते," ते म्हणाले.

आणंदच्या भाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अप्पा, हे बंपर नसते तर अमेरिकेत विक्री बंद. सगळ्यात जास्त गाड्या तिथेच जायच्या. कारखाना १९८०पर्यंत चालला तो यांच्यामुळे." त्यांच्या पत्नींनी भर घातली, की लहानपणापासून त्यांनी चित्रात हीच गाडी पाहिली होती, काळ्या तोंडाची, त्यांना क्रोमवालीच अपुरी वाटते.

ताई उठली. दोन्ही गाड्यांच्या मधोमध, दारांसमोर उभी राहिली आणि मला जवळ बोलावलं. दोन्ही हातांचे पंजे डोळ्यांच्या बाजूंना धरून पुढची आणि मागची टोकं झाकायला सांगितली. उरली फक्त दारं आणि त्यांच्या आगेमागचा पत्रा. पांढरी आणि लाल, दोन्हींवर तीच घडी, तोच फुगवटा, उजेडाचं तेच वळण. १९६२मध्ये जे ठरलं त्याला मधल्या भागात शेवटपर्यंत कुणी हात लावला नव्हता. आणंदच्या वहिनींनीही पंजे धरून पाहिलं, मग अप्पांनी. अप्पा बराच वेळ पाहत राहिले.

माझं मत विचाराल तर मी क्रोमच्या बाजूची. ज्यांनी गाडी आखली त्यांनी बंपरही आखला होता. तो पातळ ठेवला म्हणून पत्रा बोलतो. काळा बंपर नंतर, घाईत, दुसऱ्यांच्या अटीवर आला आणि ते दिसतं. पण आणंदच्या जोडप्याला त्यांच्या गाडीभोवती वावरताना पाहिल्यावर तिला कुरूप म्हणायला माझी जीभ धजणार नाही. भाईंनी तिचे मागचे दिवे रुमालानं पुसले ते अगदी ताईसारखेच, घडीच्या दिशेनं.

परतताना वडोदऱ्यात शिरल्यावर सेव-उसळीचा थांबा झाला. गाडी समोर दिसेल अशी जागा मिळेपर्यंत अप्पा खुर्चीवर बसले नाहीत. एमजीबी ठेवणारी माणसं अशीच बसतात, हे मला आणंदकरांनीही सांगितलं. दोन पोरांनी किंमत विचारली. अप्पांनी किंमत सांगितली नाही, पण त्यांना खाली बसवून दिव्याच्या खळगीतून बॉनेटकडे बघायला लावलं.

डिसेंबर संपत आला होता. जानेवारीत पतंगांचं उत्तरायण सरेपर्यंत गाडी आता देवडीतच राहणार, कारण त्या दिवसांत रस्त्यांवर मांजा लोंबतो आणि उघड्या गाडीत तो गळ्याशी येऊ शकतो. त्यानंतरच्या रविवारी आणंदला जायचं ठरलंय. या वेळी मला लाल गाडीत बसायचंय, तसं मी भाईंना सांगूनही ठेवलंय.