तिसऱ्या मजल्यावरचं घर

शिकागोत मी ज्या संस्थेत काम करते, तिथे घर भाड्याने देताना होणारा वर्णभेद शोधून काढणं हेच आमचं काम. पद्धत अशी. एक कृष्णवर्णीय आणि एक गोरी, अशा दोघी एकाच बिल्डिंगमध्ये काही तासांच्या अंतराने घर बघायला जातात. वय सारखं, गरज सारखी. कृष्णवर्णीय टेस्टरचं उत्पन्न आम्ही मुद्दाम थोडं जास्त ठेवतो, म्हणजे नंतर 'तिची ऐपत नव्हती' असं म्हणायला जागाच उरत नाही. दोघींना एकमेकींचा पत्ता नसतो. परत आल्यावर काय बघितलं, काय ऐकलं एवढंच लिहायचं, स्वतःचं मत घालायचं नाही. दोन्ही कागद शेजारी येतात ते फक्त माझ्या टेबलावर.

2019 सालचा सप्टेंबर होता. त्या दिवशीच्या आमच्या टेस्टर बासष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. मनात मी त्यांना 'बाई'च म्हणते. त्या याच शहरात वाढलेल्या. 1966 मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग इथल्या नॉर्थ लॉन्डेल वस्तीत भाड्याच्या घरात राहायला आले आणि 5 ऑगस्टला मार्क्वेट पार्कमध्ये, घरांच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात, त्यांच्या डोक्यात दगड बसला. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. आईने दिवसभर अंगणातसुद्धा जाऊ दिलं नाही, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. दोन वर्षांनी, 4 एप्रिल 1968 ला, किंग यांची हत्या झाली आणि सातच दिवसांत घरांबाबतच्या समान हक्काच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली.

बाई सकाळी जाऊन आल्या होत्या. रिपोर्ट लिहायला दुपारी उशिरा ऑफिसात आल्या, तोवर दुसऱ्या टेस्टरचा कागद माझ्याकडे येऊन पडला होता. तिला तिसऱ्या मजल्यावरचं दोन बेडरूमचं घर दाखवलं होतं. एक तारखेपासून रिकामं, पूर्वेकडे खिडक्या, लगेच ठरवलंत तर पहिल्या महिन्याचं भाडं निम्मं.

बाईंनी सुवाच्य, वळणदार अक्षरात लिहिलं, 'दोन बेडरूमचं काहीही रिकामं नाही, असं सांगण्यात आलं. नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. पाणी विचारलं. निघताना तिथल्या कर्मचारी दारापर्यंत सोडायला आल्या.' पेन खाली ठेवून मला म्हणाल्या, "या वेळी तुला काही सापडायचं नाही बघ. फार चांगली मुलगी होती. खरंच नसेल जागा."

दुसरा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मला तो दाखवता येत नाही. टेस्टरला निकाल कळला, तर तिची साक्ष कमकुवत होते. मी "थँक यू" म्हटलं, सही घेतली आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. आपणही आत्ता दारापर्यंतच सोडायला आलोय, हे लिफ्टचं दार बंद झाल्यावर लक्षात आलं आणि पोटात कालवलं.

मला सोलापूर आठवलं. वडिलांची तिथे बदली झाली, तेव्हा एका घरमालकाने चहा पाजला, गावाची चौकशी केली, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्याला आठवलं, की खोली पुतण्यासाठी ठेवलीय. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या ऑफिसातले एक ब्राह्मण मित्र गेले, तर त्यांना लगेच किल्ली मिळत होती. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. पण वडिलांचा तो दिवस आम्ही अपमान म्हणून गिळला. तो पुरावा होऊ शकतो, हे मी इथे येऊन शिकले.

इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलंय, की घर रिकामं असताना नाही म्हणून सांगितलं, तर त्या टेस्टरला स्वतः दावा करता येतो, मग तिला तिथे राहायचं नसलं तरी. खरं उत्तर मिळालेल्या टेस्टरला तो हक्क नाही. खोटं ऐकणं हीच इजा. हा निकाल मी नव्या टेस्टरना शिकवते, तेव्हा अजूनही माझा आवाज चढतो.

एका टेस्टवर आम्ही थांबत नाही. त्या बिल्डिंगमध्ये आणखी दोन जोड्या पाठवल्या, उत्तर तेच आलं. तक्रार झाली आणि बऱ्याच महिन्यांनी तडजोड. नुकसानभरपाई, कर्मचाऱ्यांना सक्तीचं प्रशिक्षण, भाड्याच्या चौकशीची नोंदवही.

त्यानंतर बाईंना फाइल दाखवायची परवानगी मिळाली. चष्मा लावून त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मुलांच्या वह्या तपासाव्यात तसं एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचलं. तारीख, वार, त्या कर्मचारी मुलीचं नाव. बोट 'तिसरा मजला'वर थांबलं.

"मी तिला मुलं किती, म्हणून विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तिने फोटो दाखवला होता मला."

मग त्यांनी पुढच्या टेस्टची तारीख विचारली.