डावा हात

मागच्या जानेवारीत मी एक दिवस मोजून पाहिलं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा या वेळात मी 31 वेळा हात धुतले. कोथरूडमध्ये आमचं पाळणाघर आहे, 14 मुलं. कोणाची शी, कोणाचं नाक, कोणी वरणभाताचा हात माझ्याच ओढणीला पुसलेला. या कामात हात धुणं टाळणं शक्य नाही, आणि टाळूही नये.

लहानपणी मला कोपराच्या वळीत इसब व्हायचं. दहावीपर्यंत ते गेलं आणि मी विसरले. पुण्यातली थंडी सुरू झाली तसे आधी हात पांढुरके, खरखरीत झाले, मग बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. संक्रांतीला तिळाच्या वड्या थापताना भेगेतून रक्त आलं, तेव्हा जाऊबाईंनी हातातलं ताट काढून घेतलं.

उपाय म्हणून मी जे जे केलं, ते सगळं उलटंच होतं. कढत पाण्याने हात धुतले की खाज तेवढ्यापुरती थांबते, म्हणून गीझर. भेगांत जंतू जातील, म्हणून जंतुनाशक हँडवॉश. सासूबाईंच्या आग्रहाखातर कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी. शेवटी औषधाच्या दुकानातून मागून आणलेली ट्यूब. तिने चार दिवसांत हात लोण्यासारखे झाले. थांबवली, तर आठवड्यात पहिल्यापेक्षा वाईट.

एका मुलाच्या आईने दारातच विचारलं, "काकू, हे पसरणारं नाही ना?" रागावण्यासारखं काही नव्हतं, तिच्या जागी मीही विचारलंच असतं. पण दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरीणबाईंनी आधी पाठीवरचं ओझं उतरवलं: इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मग ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. तीत कडक स्टिरॉइड होतं, शिवाय बुरशीचं आणि जंतूंचं औषध, ज्यांची मला गरजच नव्हती. अशी बरीच स्टिरॉइड मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे चिठ्ठी कोणी मागितलीच नव्हती.

त्यांनीही स्टिरॉइडच दिलं, पण मध्यम ताकदीचं आणि मापात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ, ती एका हाताला पुढूनमागून पुरते. दोन आठवडे रोज, मग कमी करत न्यायचं.

पण त्यांचा खरा भर धुण्यावर होता. आपल्या कातडीचा स्वभाव किंचित आंबट असतो, साबण पडला अल्कधर्मी. तो मळाबरोबर कातडीतलं तेलही धुऊन नेतो. ज्यांना इसबाची प्रवृत्ती आहे, त्यांच्या कातडीची भिंत आधीच कच्ची. म्हणून बिनवासाचा, साबण नसलेला सौम्य क्लिन्झर. पाणी कोमट, 20 सेकंद, मग मऊ सुती पंचाने टिपायचं, घासायचं नाही. अंगठी घरी, कारण तिच्याखाली फेस अडकून राहतो आणि माझी पहिली भेग तिथलीच होती. टिपल्या टिपल्या, हात अजून ओलसर असतानाच, जाडसर मलम. लोशनपेक्षा व्हॅसलीनसारखं चिकट बरं.

चिकट हातांनी मूल कसं उचलायचं, हा माझा प्रश्न. थोडंच घ्या, बोटांच्या बेचक्यांत आणि पाठच्या बाजूला जिरवा, म्हणाल्या. एप्रनच्या खिशात छोटी डबी आली. पहिला आठवडा विसरत होते, म्हणून एक डबी पंचाच्या खुंटीला पिशवीत टांगली. ती युक्ती चालली.

सॅनिटायझरबद्दल मात्र माझा समज पार उलटा निघाला. झोंबतं म्हणजे वाईट, असं मी धरून होते. झोंबतं ते भेगांमुळे. कातडी धड असेल तर ग्लिसरीन घातलेलं सॅनिटायझर साबणापेक्षा कमी कोरडं करतं. आता नाक पुसल्यावर सॅनिटायझर. शी, उलटी, दिसणारा मळ असेल तिथे मात्र साबण-पाण्याला पर्याय नाही, कारण पोटाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझरचा भरवसा नसतो. आणि एकामागोमाग दोन्ही करायचं नाही.

रात्री मलम लावून सुती हातमोजे. फक्त ते घालून गॅसजवळ जायचं नाही, मलम मुरलेलं कापड भुरकन पेटतं.

महिन्याभरात उजवा हात माणसात आला. डावा नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींची टोकं सोलवटलेलीच. "दोन्ही हात सारखेच धुता ना? मग डावाच का?" असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी गप्प. मग कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधायला पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, प्रत्येक चौकोनात एकेक पदार्थ. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, त्यामुळे अंघोळ म्हणजे कसरत. पट्ट्या काढल्या तेव्हा फारसं काही नव्हतं, पण पुन्हा दोन दिवसांनी दाखवायला गेले तर एक चौकोन लालभडक.

लसूण! रात्री घरी मी सुरी उजव्या हातात धरते, पाकळी डाव्या हाताच्या त्याच तीन बोटांत. धुण्याने कातडी उघडी पडलेली, तिथून लसणाला आयती वाट मिळाली. हातमोजे घालून सोलेन म्हटलं, तर लसणातला तो पदार्थ बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातो म्हणे.

आता लसूण हे सोलतात. टीव्हीसमोर, पेपर पसरून, कुरकुरत. निम्मी सालं अजून आमटीत सापडतात.