अकरा फुटांची खोली आणि ८५ची लेन्स

ज्येष्ठ सरत आला की आमच्या काउंटरवर दोन्हीकडून गर्दी. लग्नाचे मुहूर्त संपत आलेले असतात, मग तुळशीच्या लग्नापर्यंत हाताला काम नसतं, म्हणून लग्नाचे फोटोग्राफर लेन्स विकायला येतात. नेमक्या त्याच सुमारास पालख्या पुण्यात मुक्कामाला येणार असतात, म्हणून कॉलेजची पोरं त्याच लेन्स विकत घ्यायला येतात. वारकऱ्याचा सुरकुतलेला चेहरा, मागे सगळं धूसर, हा फोटो प्रत्येकाला हवा असतो आणि त्यासाठी प्रत्येकाला ८५ मिमीची लेन्सच हवी असते. मिमीचा आकडा मोठा, तेवढं दूरचं जवळ दिसतं आणि फोटोत कमी मावतं. पालखी विठोबा मंदिराच्या गर्दीत एक पाऊल मागे सरकता येत नाही, तिथे ८५ घेऊन तू करणार काय, हे मी आता विचारत नाही. विचारलं की गिऱ्हाईक विचारात पडतं आणि शेठ माझ्याकडे बघतात.

आमचं दुकान बुधवार पेठेत, पहिल्या मजल्यावर. जुने कॅमेरे, जुन्या लेन्स. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर फोटोंवर गप्पा मारतो. खरं तर निम्मा वेळ लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी शोधण्यात जातो.

अशाच एका पावसाळी दुपारी धायरीहून एक ताई आल्या. पर्समध्ये पार्लरच्या टॉवेलात गुंडाळलेला निकॉन डी ३४०० कॅमेरा. टॉवेल ओलसर होता, तो आधी मी बाजूला केला.

"८५ दाखवा, १.८वाली. बारा हजारात बसवा."

१.८ म्हणजे लेन्सचं तोंड, ॲपर्चर, किती उघडतं त्याचा आकडा; आकडा लहान, तेवढा उजेड जास्त. बारात बसण्यासारखी नव्हती. शेठनी लगेच "ताई, हप्त्यावर करून देऊ" सुरू केलं. मी विचारलं, काढता काय? तर ताईंचं पार्लर आहे आणि तिथेच त्या स्थळासाठीचे फोटो काढतात. मेकअप, साडी नेसवणं आणि फोटो असं एकत्र. मुली येतात, आया येतात, हल्ली मुलगेही येतात. तक्रार अशी, की एका आईनं फोटो परत केला होता. "आमच्या मुलीचं नाक एवढं आहे का?"

मी त्यांच्याच कॅमेऱ्यात फोटो उघडून माहिती बघितली. २४ मिमी, आयएसओ ३२००. हा आयएसओचा आकडा उजेड कमी पडला की वाढवावा लागतो आणि त्यानं फोटोत दाणे येतात. आणि २४ म्हणजे किट लेन्स, कॅमेऱ्याबरोबरच येते ती झूम लेन्स, जवळजवळ पूर्ण रुंद करून, मुलीपासून अडीच फुटांवर उभं राहून काढलेला. इतक्या जवळून कॅमेऱ्याला नाक कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते मोठं येतं. सहा फुटांवरून हा फरक जवळपास उरत नाही. दोष लेन्सचा नसतो, उभं राहण्याच्या अंतराचा असतो. हे यूट्यूबवरचे कोणी सांगत नाहीत, कारण अंतर विकता येत नाही.

सांगून पटत नाही, म्हणून रिपेअरिंगच्या काकांना स्टुलावर बसवलं. ताईंच्या किट लेन्सनं एक फोटो २४वर, अडीच फुटांवरून. दुसरा ५५वर, सहा फुटांवरून. दोन्हींत काका छातीपर्यंत सारखेच दिसत होते, पण पहिल्यात नाक आधी येत होतं आणि काका मागून. ताई दोन्ही फोटो पुढेमागे करत राहिल्या.

"हे तर माझ्याच लेन्सनं आलं."

"हो."

"मग मी काही घेऊच नको?"

शेठना नेमका तेव्हाच खोकला आला.

खरं उत्तर "नका घेऊ" याच्या फार जवळचं होतं. खिडकीजवळ बसवा, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा, ५५वर ठेवा, मागे सरका. मी तसं सांगितलंही. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं बरोबर आहे. पण परवा एका मुलीचे वडील आले. कॅमेरा बघून म्हणाले, असला तर आमच्या भाच्याकडे पण आहे, पाचशे रुपये कसले घेता? भाच्याकडे नसेल अशी लेन्स मला पाहिजे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग खोली विचारली. दोन फुटी फरशा, लांबीला साडेपाच. म्हणजे अकरा फूट. मुलगी भिंतीपासून दीड फूट पुढे, ताईंना स्वतःला उभं राहायला दीड फूट. उरले आठ. कॅमेरा उभा धरून आठ फुटांवरून ८५ लावली तर जेमतेम सव्वादोन फूट उंची मावते, म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंत. पदराची नक्षी गेली. ५० लावली तर पावणेचार फूट, म्हणजे मांडीपर्यंत साडी नीट येते. आणि स्थळासाठी एक उभा फोटो लागतोच. त्याला ८५ला एकवीस फूट लागतात, ५०लासुद्धा साडेबारा. तो किट लेन्सनंच, तिसाच्या आसपास ठेवून काढायचा. डी ३४००चा सेन्सर छोटा आहे, त्यामुळे ५०ची लेन्स त्यावर मोठ्या सेन्सरच्या, फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या ७५सारखी वागते. पोर्ट्रेटला तेवढी पुरे. मी दुकानात फरशा मोजून ताईंना उभंच केलं. ८५ लावून त्या मागे मागे सरकत जिन्यापर्यंत गेल्या आणि तिथून स्वतःच म्हणाल्या, "नको ही."

तेवढ्यात आमच्या काउंटरवरच्या पोरानं ५०ची १.८ डी पुढे केली. स्वस्त आहे, निकॉनचीच आहे, बसते. बसते, नाही कोण म्हणतं? पण त्या लेन्समध्ये मोटर नाही, तिचा फोकस कॅमेऱ्याच्या मोटरवर चालतो आणि डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत, म्हणजे ताईंच्याही, ती मोटर नाही. ऑटोफोकस बंद. मेकअपनंतर सारखं आरशात बघणाऱ्या मुलीवर हातानं फोकस करत बसायचं, तेही त्या इवल्याशा व्ह्यूफाइंडरमधून? वर त्या लेन्सचं ॲपर्चर रिंग २२वर अडकवून ठेवावं लागतं, नाहीतर कॅमेरा एफ-ई-ई अशी अक्षरं दाखवून अडून बसतो आणि गिऱ्हाईक "कॅमेरा बिघडवलात" म्हणत परत येतं. या पोराला हे मी किती वेळा सांगितलंय. त्याला पगार विक्रीवर मिळतो, हाही भाग आहेच.

५०चीच १.८ जी घ्यायची ठरली. मोटर आतच आहे. स्टॉकमध्ये दोन नग होते. एकाची काच बाहेरून लखलखीत, पण दिवा बंद करून मागून टॉर्च तिरका मारला तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी. पावसाळ्यात कपाटात कोंबलेली लेन्स. ती ठेवली बाजूला. दुसरीच्या मागचा छोटा लिव्हर बोटानं दाबून सोडला. आतली ॲपर्चरची पाती झटकन बंद व्हायला हवीत. तेल लागलेली पाती आळसानं सरकतात. ही चोख होती. मग टेबलावर वर्तमानपत्र तिरकं पसरून, ताईंच्या कॅमेऱ्यावर १.८ ठेवून मधल्या एका मथळ्यावर फोकस केला. नेमका तोच मथळा धारदार, वरचे-खालचे विरघळलेले. हे त्यांच्या कॅमेऱ्यावरच बघायचं असतं, आमच्या नाही.

ताईंना ते विरघळणं फार आवडलं. मी म्हटलं, मुलीवर हे करू नका. पाच फुटांवरून १.८ला जेमतेम अडीच इंच खोली धारदार येते. डोळा आला तर झुमका गेला, आणि झुमका गेला की आई फोटो परत करणार. ४वर ठेवा. शिवाय भिंत दीड फुटावर असेल तर मागे धूसर व्हायला आहेच काय? खरा फायदा उजेडाचा. किट लेन्स ५५वर ५.६च्या खाली उतरत नाही. ४वर दुप्पट उजेड, २.८वर चौपट. चेहऱ्यावरचे ते दाणे तिथे कमी होतील.

सौदा साडेनऊ हजाराला झाला. उरलेल्या पैशांत सिलिका जेल आणि हवाबंद डबा घ्या म्हटलं, तर ताई म्हणाल्या, "ते बघू. आधी ते पुढचं काळं गोल लावून द्या." म्हणजे हूड. लावल्यावर लेन्स हातभर लांब करून धरली, समोरचा माणूस बघेल तशी. मग समाधानानं टॉवेल घेतला. तो मी परत घेऊन बबल रॅप दिला.

हूड असतो लेन्सवर आडवा उजेड पडू नये म्हणून, आणि त्या खोलीत त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे थेट लेन्सवर उजेड येतोच कुठून? पण फोटोचे सातशे घेता यावेत म्हणून हूड लागत असेल, तर त्याला निरुपयोगी कसं म्हणायचं? काकांना विचारलं तर ते म्हणाले, आमच्या वेळी स्टुडिओवाले डोक्यावर काळं कापड घ्यायचे, त्यातलं निम्मं गिऱ्हाइकासाठीच असायचं. काकांचं सगळंच खरं धरायचं नसतं.

श्रावणात ताईंचा फोन आला. नाकाची तक्रार बंद आहे, सातशे मिळतात, आणि शेजारचा गाळा भाड्यानं घेतायत.

"तिथे अठरा फूट मिळतात. आता ८५ बसेल ना?"

शेठ शेजारीच उभे होते. मी म्हटलं, ताई, पुढचे-मागचे तीन फूट वजा करा. पंधरात गुडघ्यापर्यंत येईल, उभा फोटो नाहीच मावणार.

"चालेल की," ताई म्हणाल्या. "ठेवा बाजूला."