फॉर्ममध्ये छंदासाठी चौकोनच नव्हता : माझा अनुभव

टपालतिकिटं जमवायचा छंद ऑटिझम असलेल्या मुलांपर्यंत कसा पोचवायचा असं एकदोन पालकांनी विचारलं म्हणून लिहितोय. आणि खरं सांगायचं तर एका फॉर्मचा राग अजून डोक्यातून गेला नाहीये म्हणूनही लिहितोय. मुलं म्हणतोय, पण आमच्यातले बहुतेक वीस-पंचविशीचे आहेत, शाळा संपलीये आणि शाळेनंतर त्यांच्यासाठी फारसं काही नसतं हे ज्यांच्या घरात आहे त्यांना माहितीच आहे.

मी शाळेत असल्यापासून तिकिटं जमवतो. भाचा ऑटिस्टिक आहे, बोलतो कमी, पण रेल्वे इंजिनांबद्दल त्याला जेवढं माहितीये तेवढं मला जन्मात कळणार नाही. त्याला १९७६ सालचा इंजिनांचा चार तिकिटांचा सेट दाखवला, त्यात १८५३चं जीआयपीचं, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं इंजिन आहे आणि डब्ल्यूडीएम-२ डिझेलही आहे, तेव्हापासून तो अल्बम त्याचा झाला. मग रेल्वेच्या शंभरीचं १९५३चं दोन आण्याचं तिकीट त्याने स्वतः शोधून काढून माझ्याकडे मागितलं. बहीण म्हणाली, दादा, हे त्याच्या सेंटरमधल्या बाकीच्यांना पण दाखव ना. म्हटलं दाखवतो की, त्यात काय.

माझी मागणी एवढीच होती की आठवड्यातून एक तास द्या, एक टेबल द्या. तिकिटं, चिमटे, स्टॉकबुकं (तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या), भिंगं सगळं मी आणणार, पैसे कुणाचेच नाहीत. सेंटरचं नाव घेत नाही, तिथले शिक्षक मनापासून राबतात हे मी बघितलंय. पण समन्वयक मॅडमनी ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे केला. त्यात ‘उपक्रमाचा प्रकार’ म्हणून चार चौकोन : स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), विशेष शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण. एकावर टिक करायची. म्हटलं मॅडम, हे ह्यातलं काहीच नाही, हा छंद आहे. तर म्हणाल्या, मग ओटीवर टिक करा, चिमट्याने तिकीट उचलतात म्हणजे फाइन मोटर, बोटांच्या बारीक हालचालींचा सराव, झालंच की.

मी नाही केली टिक. का ते सांगतो. ओटी म्हटलं की दर महिन्याला प्रत्येकाचा चार्ट भरायचा, किती तिकिटं उचलली, किती वेळ बसला, मदत लागली का. म्हणजे एखादीला नुसतं भिंगातून तासभर एकच शिक्का बघायचा असेल तर ती चार्टवर मागे पडली. ह्या पोरांचं दिवसभर कुणीतरी काहीतरी मोजत असतं, जेवण मोजतात, डोळ्यात बघून बोलला का ते मोजतात, आठवड्यातला एक तास तरी न मोजता जाऊ दे एवढंच माझं म्हणणं होतं आणि ते सोडायला मी तयार नव्हतो.

मग तिथल्या सरांनी विचारलं की ह्यातून विक्रीसाठी काय तयार होईल. दिवाळीला पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात, तशी ग्रीटिंग कार्डं करून त्यावर जुनी तिकिटं चिकटवता येतील का. जुनं तिकीट डिंकाने कार्डावर! माझ्या पोटात गोळा आला. प्रत्येक गोष्टीतून ह्यांनी काहीतरी विकायला तयार केलंच पाहिजे का? तुम्ही आम्ही रविवारी क्रिकेट बघतो, बाग करतो, त्यातून काय तयार झालं असं कोण विचारतं?

पण सगळ्यात लागलं ते तिसरं. मॅडम म्हणाल्या, अहो, ह्यांच्या अशा आवडी आम्ही कमी करायचा प्रयत्न करतोय आणि तुम्ही त्या वाढवणार. आता निदानाच्या निकषांत, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या डीएसएम-५ ह्या पुस्तिकेत, एखाद्याच विषयात फार तीव्रतेने गुंतून राहणं हे एक लक्षण म्हणून दिलेलं आहे हे मलाही माहितीये. पण लक्षण आहे म्हणजे ते काढूनच टाकायचं असं कुठे आहे? सिंदे डॉक घ्या, १८५२ साली सिंध प्रांतात निघालेलं अर्ध्या आण्याचं तिकीट, आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. त्या एका तिकिटावर माणसं वर्षानुवर्षं अभ्यास करतात, त्यांना आपण तज्ज्ञ म्हणतो, प्रदर्शनात पदकं देतो. माझ्या भाच्याने इंजिनांवर तेच केलं की ते कमी करायचं? हे मी त्यांना तोंडावर बोललो आणि बोललो ते बरंच केलं असं आजही वाटतं.

फॉर्म टिक न करताच दिला, तो समितीकडे गेला. समिती महिन्यातून एकदा बसते. कधी पुरेसे सदस्य नाहीत, कधी वार्षिक कार्यक्रमाची गडबड, कधी माझा विषय शेवटचा आणि तोपर्यंत सगळे उठले. फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये. मध्ये २ एप्रिल येऊन गेला, जागतिक ऑटिझम दिन, निळे फुगे लावले, पाहुण्यांनी भाषणात मुलांच्या आवडीनिवडी जपल्या पाहिजेत असं सांगितलं, टाळ्या झाल्या, मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझा फॉर्म त्याच इमारतीत कपाटात पडलेला होता. त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही मी.

सुटलं ते दोन गोष्टींमुळे. एक, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम २९. ते संस्कृती आणि मनोरंजनाबद्दलच आहे, दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत भाग घेता यावा म्हणून सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी पावलं उचलायची आहेत. ह्याच कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. कलमात सरकारचं नाव आहे, संस्थेचं नाही, तरी अर्जात ते लिहाच, समितीला फाइलवर टिपण लिहायला आधार मिळतो. दुसरी आणि जास्त कामाला आलेली गोष्ट म्हणजे पालकांची पत्रं. एकच पत्र टाइप करून खाली सह्या घेऊ नका, प्रत्येकाने आपल्या हाताने, आपल्या मुलाला काय आवडतं ते लिहायचं. एका आईने लिहिलं होतं की माझा मुलगा गेली कित्येक वर्षं शाम्पूच्या पाकिटांच्या दातेरी कडा मोजतो, त्याला मोजायला काहीतरी चांगलं द्या. समितीत ते पत्र वाचल्यावर म्हणे कुणी काही बोललंच नाही. अध्यक्षांनी चार चौकोनांखाली पेनाने पाचवा काढला, शेजारी ‘छंद’ लिहिलं आणि सही केली. मी त्या पानाचा फोटो काढून पहिला भाच्याला पाठवला.

आता तुम्हाला करायचं असेल तर आधी संस्थेत जाऊ नका, आधी पालक गाठा. हे मला पहिल्यांदा लिहायला पाहिजे होतं.

तो शाम्पूच्या पाकिटवाला मुलगा आता परफोरेशन गेज वापरतो. तिकिटाच्या दातेरी कडेला २ सेंटीमीटरमध्ये किती भोकं बसतात ते त्या पट्टीवर कळतं, आणि दिसायला सारखी दोन तिकिटं भोकांमुळे वेगळी निघू शकतात. आमच्या स्टॉकबुकात मी वर्षानुवर्षं एकत्र ठेवलेल्या जोड्या त्याने वेगळ्या काढल्या, इतका अभिमान वाटला मला. म्हणून सांगतो, देशाप्रमाणेच लावा असा आग्रह धरू नका. कुणी रंगाने लावेल, कुणी किमतीने, कुणाला फक्त शिक्क्यावरची तारीख हवी असते. सुरुवात त्याच्या आवडीपासून, पंखा, नकाशा, पक्षी, काहीही असो, त्यावर तिकीट बहुतेक सापडतंच.

समोर बसू नका, शेजारी बसा. बोलायला लावू नका. संपायची वेळ आधी सांगा आणि घड्याळ दिसेल असं ठेवा. खोलीत ट्यूबलाइट घुं करत असेल तर ती बंद करून खिडकीशी टेबल घ्या. सुगंधी तिकिटं, म्हणजे २००६चं चंदनाचं, २००७चं गुलाबाचं, विचारल्याशिवाय बाहेर काढू नका, आमच्यात एकीला तो वास अजिबात सहन होत नाही आणि एकजण तेवढ्यासाठीच येतो. पाण्यात भिजवून कागद सोडवायचं कामही तसंच, कुणाला ओले हात चालत नाहीत, त्यांना कोरडी तिकिटं द्या. महापेक्ससारखं (महाराष्ट्राचं राज्यपातळीवरचं) तिकिटांचं प्रदर्शन असेल तर उघडल्या उघडल्या जा, दुपारनंतर गर्दी असते.

तिकिटं जमवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी डाक विभागाची दीनदयाळ स्पर्श शिष्यवृत्ती आहे, पण ती सहावी ते नववीसाठी आणि गुणांची अट आहे, त्यामुळे आमच्या मोठ्या मुलांना लागू होत नाही. त्यापेक्षा जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या फिलाटेली ब्युरोत (तिकीटसंग्राहकांसाठीच्या विभागात) २०० रुपये भरून डिपॉझिट अकाउंट उघडा, मुलाच्या स्वतःच्या नावाने, नवीन तिकिटं घरपोच येतात. पावसाळ्यात स्टॉकबुकं उभी ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका नाहीतर तांबूस डाग पडतात. आणि ऑफिसातली, नातेवाइकांची जुनी पाकिटं गोळा करत असाल तर तिकीट कडेला बोटभर कागद ठेवून कापायला सांगा, दाते कापले गेले की ते तिकीट गेलं.