अथीनाचा चेहरा काळा का दिसतो?

वेरूळला मूर्ती ओळखताना आपण आधी आयुधं पाहतो, मग पायाशी नंदी आहे की गरुड ते. प्राचीन ग्रीक भांड्यांवरचे देवही असेच ओळखायचे. हातात वज्र असेल तर झ्यूस. त्रिशूळ दिसला की आपल्याला महादेव आठवतो, पण इथे तो समुद्राचा देव पोसायडन. आयव्हीच्या वेलीचा मुकुट आणि दोन कानांचा मद्याचा प्याला मद्याचा देव डायोनायसस याचा. सिंहाचं कातडं डोक्यावरून ओढलेला, सोटा घेतलेला हेराक्लीस तर लांबूनच कळतो.

घोटाळा होतो तो युद्धाची देवी अथीना हिच्यापाशी. इ.स.पू. सहाव्या शतकात अथेन्सच्या भांड्यांवर पुरुषांची अंगं काळी आणि बायकांची पांढरी, असा रिवाज होता. पांढरी माती काळ्या थरावर वरून लावलेली. ती पक्की धरत नाही, पापुद्रे सुटून गळते. मग खालचा काळा उघडा पडतो आणि देवी एखाद्या शिपायासारखी दिसू लागते. अशा वेळी छातीवरचं एजिस, म्हणजे तिचं कवचासारखं आच्छादन, पाहावं. त्याच्या कडेला साप वळवळत असले, तर ती अथीनाच.

खालचा काळा मात्र अडीच हजार वर्षांतही जात नाही. तो भांड्याच्याच मातीचा निथळून घेतलेला गाळ आहे. माती पाण्यात कालवून जड कण खाली बसू द्यायचे आणि वरचा साईसारखा भाग आटवायचा. त्याने आकृती भरायची, टोकदार हत्याराने बारकावे कोरायचे. मग एकाच भट्टीत तीन टप्पे. आधी हवा मोकळी, सुमारे ८०० अंशांपर्यंत, सगळं तांबडं. मग झरोके बंद, आत ओलं लाकूड, आच ९०० च्या पुढे. मातीतल्या लोहाचा ऑक्सिजन ओढला जातो, सगळं काळं. शेवटी आच उतरताना हवा परत आत. सच्छिद्र माती पुन्हा तांबडी होते. गाळाचा थर तोवर काचेसारखा मिटलेला असतो, म्हणून काळाच राहतो. लेप पातळ बसला किंवा दुसरा टप्पा आखडला, की तपकिरी डाग पडतात. भांडी एकमेकांत रचली, तर प्याल्याच्या तळाशी तांबडी चकती उमटते.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे जुन्या तगरला, उत्खननात मिळालेली काळी-तांबडी भांडी पाहताना हे आठवावं. ती पालथी घालून भाजत. आत हवा पोचत नसे, तिथे काळा.

इ.स.पू. ५३० च्या सुमारास अथेन्सच्या कारागिरांनी रीत उलटवली: पार्श्वभूमी काळी, आकृत्या मातीच्याच तांबड्या. बारकावे कोरण्याऐवजी कुंचल्याने रेखले जाऊ लागले. त्या भांड्यांवर अथीनाचा चेहरा शाबूत सापडतो.