रेग्युलेटरला कोणतं ग्रीस? मी केलेली चूक आणि मग निवड

मालवणात पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे आमचं डायव्हिंगही बंद. रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरमधली हवा श्वासापुरत्या दाबावर आणून देणारं यंत्र, उघडून बसायचे दिवस हेच. टेक्निशियनचा कोर्स करून आलो होतो, तरी पहिल्या वर्षी एकच सिलिकॉन ग्रीस दिसेल तिथे चोपडलं. दुसऱ्या स्टेजच्या (तोंडात धरायच्या भागाच्या) एक्झॉस्ट व्हॉल्व्हलासुद्धा, म्हणजे सोडलेला श्वास बाहेर जाऊ देणाऱ्या रबरी चकतीला! हंगामाच्या तोंडावर पाण्यात उतरलो तर प्रत्येक श्वासाबरोबर खारं पाणी तोंडात. उघडून पाहिलं, ती पातळ चकती कडेने झालरीसारखी चुण्याचुण्या झालेली.

शेजारचे काका हसले. "अरे, ता रबरच सिलिकॉनचा. तेका सिलिकॉन लावलंस तर फुगतला नाय तर काय?"

तेव्हापासून चकती आणि डायफ्राम (श्वास घेताना आत ओढला जाणारा पातळ पडदा) कोरडेच बसवतो.

पुढच्या वर्षी एक सेट नायट्रॉक्ससाठी (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेसाठी) वेगळा काढला आणि खरा प्रश्न आला. सिलेंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की २०० बारचा वायू पहिल्या स्टेजच्या (सिलेंडरला जोडायच्या भागाच्या) तोंडाशी दाबला जाऊन एकदम तापतो. ऑक्सिजन जास्त असेल तर तिथलं पेट्रोलियमचं ग्रीस पेट घेऊ शकतं. व्हॅसलीन तर बादच, शिवाय ईपीडीएम रबराच्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) त्याने फुगतात. साधं सिलिकॉनही ऑक्सिजनला चालत नाही. उरलं परफ्लुओरोपॉलिईथर तेलात टेफ्लॉन घातलेलं ग्रीस: ख्रिस्तोल्यूब किंवा ट्रायबोल्यूब. मी ख्रिस्तोल्यूब एमसीजी १११ मागवलं. किंमत ऐकून घाम फुटला, आणि ट्यूब हातात आली तर एवढीशी! हे ग्रीस पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, त्यामुळे वजनावर घेतलं की फसल्यासारखं वाटतं.

नवीन ग्रीस जुन्यावर चढवून भागत नाही. सगळे भाग अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये धुतले, जुन्या ओ-रिंगा टाकून कंपनीच्या किटमधल्या घातल्या, हातात मोजे घातले, कारण बोटाचं तेलही तेलच. एका ओ-रिंगला मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस पुरतं. रिंग नुसती चकाकली पाहिजे. पांढरा गोळा दिसला की पुसायचा, नाहीतर वाळू तिथेच चिकटते. हाय-प्रेशर सीटला (सिलेंडरचा दाब अडवणाऱ्या भागाला) मात्र काहीच लावायचं नाही.

जोडून पहिल्या स्टेजनंतरचा दाब बघायला गेज लावला. काटा साडेनऊ बारवर थांबला. चहा पिऊन आलो, तरी तिथेच. म्हणजे सीट गळत नाही.

जुनी सिलिकॉनची ट्यूब टाकली नाही. टॉर्चच्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगांना ती चालते. फक्त आता ती रेग्युलेटरच्या टेबलावर नसते.